गावाला वाढवलेली कोंबडी मुंबईत विकायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी मुंबईत आणि मुरबाड, शहापूर, वाडा, कर्जत किंवा अलिबागकडे थोडी जमीन, अशा मंडळींकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. काहींनी तर पिल्लांची ऑर्डर आधीच देऊन ठेवलेली असते आणि मग विचारतात, विकायची कुणाला? उत्तरांतले दर हिशेब समजण्यापुरते धरले आहेत. तुमच्याकडचा चालू भाव घालून आकडेमोड पुन्हा करा.

मुंबईतच, गच्चीवर किंवा चाळीमागच्या जागेत कोंबड्या पाळता येतील का?

धंदा म्हणून नाही. महापालिका हद्दीत परवानगीचा प्रश्न आहे, शेजाऱ्यांचा त्याहून मोठा. पहाटे चारला कोंबडा आरवला की सोसायटीची सभा लागते. मुंबई ही विकण्याची जागा, वाढवण्याची जागा दोन-तीन तासांवर. जमीन नसेल तर लगेच विकत घ्यायला धावू नका. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. गावच्या नातेवाइकाची पडीक जागा किंवा बाग भाड्याने घेऊन सुरुवात करणारे बरेच आहेत.

जागा किती लागते?

रात्रीच्या शेडमध्ये एका पक्ष्याला दीड ते दोन चौरस फूट. बाहेर चरायला दहा चौरस फुटांत भागतं असं सांगतात, पण तेवढ्यात महिन्याभरात गवताची काडी उरत नाही आणि खाली राहते ती विष्ठेने भरलेली माती. पंचवीस चौरस फूट धरा. तीनशे पक्ष्यांना साडेसात हजार चौरस फूट म्हणजे सात गुंठे. जाळी लावून त्याचे तीन-चार कप्पे करा आणि कोंबड्या आळीपाळीने फिरवा, म्हणजे मागच्या कप्प्यात गवत पुन्हा उगवतं आणि जंतही कमी होतात.

डहाणू-घोलवडकडे चिकूची वाडी असेल तर सोन्याहून पिवळं. सावली मिळते, घारीला वरून नीट दिसत नाही, पालापाचोळ्यात किडे मिळतात. आंब्याच्या बागेत मात्र फवारणीच्या दिवसांत कोंबड्या सोडू नका.

सरळ बॉयलरचीच पिल्लं आणून मोकळी सोडली तर?

सोडता येतात, पण आपल्या हवेत त्याला अर्थ नाही. बॉयलरची पैदास बसून खाण्यासाठी झालेली आहे. साडेतीन किलो खाद्यात तो पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. मे महिन्यात तो मोकळ्यावर चरत नाही, भांड्याशेजारी धापा टाकत बसतो आणि उष्माघाताने जातो. समजा जगवलाच, तरी पांढरी पिसं आणि पिवळी तंगडी बघून गिऱ्हाईक बॉयलरचाच भाव देणार. त्या भावात मोठ्या कंपन्यांशी टक्कर घेणं आपल्या आवाक्यातलं नाही.

मग जात कुठली घ्यावी?

मांसासाठी गिरिराज, वनराज, कावेरी यांसारख्या सुधारित रंगीत जाती. गिरिराज बंगळुरूची, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची. नीट सांभाळलं तर बारा आठवड्यांत सव्वा ते दीड किलो भरतात. अस्सल गावठी कोंबडी काटक आणि चवीला एक नंबर, पण त्या वजनाला पोचायला तिला पाच-सहा महिने लागतात आणि एका वेळी एका वयाची शंभर पिल्लं मिळणंही मुश्कील. घरच्या खुडुकीखाली (अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली) काढलेल्या पंधरा-वीस पिल्लांवर शेतीचा वरखर्च निघेल, मुंबईची दर आठवड्याची मागणी भागणार नाही.

कडकनाथ? झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याचा गाजावाजा झाला. वाढ सावकाश, वजन कमी, आणि काळं मांस बघून निम्म्या घरांत नाक मुरडतात. मागणी नक्की असेल तेवढेच करा. पिल्लं विकून कोंबड्या परत घेण्याची हमी देणारा कोणी भेटला तर चहा प्या आणि उठा.

पिल्लं सरकारी उबवणी केंद्रात किंवा नावाजलेल्या खासगी हॅचरीत आगाऊ नोंदवून मिळतात. गोरेगावला आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. पिल्लं आणि प्रशिक्षण या दोन्हींची चौकशी तिथे करता येते. मुंबईकराला इतकी जवळची जागा दुसरी नाही.

या कोंबड्या 'गावठी' म्हणून विकल्या तर चालतील का?

चालतात, बाजारात सगळेच विकतात. अंडी देऊन थकलेली लेअरसुद्धा गावठी म्हणून खपवली जाते. आमचं मत विचाराल तर, गिरिराज असेल तर गिरिराज सांगा: 'मोकळ्यावर वाढवलेली, बारा आठवड्यांची.' मुंबईतला जो माणूस जास्त पैसे द्यायला तयार असतो, तो कोकणातला किंवा घाटावरचा, आजोळी खरी गावठी खाल्लेला असतो. त्याला पहिल्या घासाला कळतं. पुन्हा तो फोन उचलत नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो ते वेगळंच.

मोकळ्या सोडल्या की खाद्याचा खर्च वाचतो ना?

फार कमी. किडे, गवताची कोवळी पाती, सांडलेलं धान्य यांतून दहा-पंधरा टक्के भागलं तर डोक्यावरून पाणी. पोट भरलेलं दिसतं, पण वजन प्रथिनांवर वाढतं. सुरुवातीच्या आठवड्यांत वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं तयार खाद्यच द्या. पुढे मका, सोयाबीन पेंड, तांदळाचा कोंडा आणि मिनरल मिक्स्चर घालून घरी मिश्रण करता येतं. अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती), शेवग्याचा पाला, भाजीमंडईतली पालेभाजी वरून द्या. सुकटीची कुटी स्वस्त पडते, पण विक्रीच्या दोन आठवडे आधी बंद करा, नाहीतर रश्शाला मासळीचा वास येतो. पावसाळ्यात मक्याला बुरशीचा वास आला तर पोतं फेका. बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं आणि मर सुरू झाल्यावर कारण सापडत नाही.

पहिले तीन आठवडे एवढे अवघड का म्हणतात?

कारण सगळ्यात जास्त मरतूक तिथे होते आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या मालकाच्या हातात तेव्हा काहीच नसतं. पिल्लं आल्यापासून तीन आठवडे राहायला माणूस पाहिजे.

भाताच्या तुसाची दोन-तीन इंच गादी, भोवती पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल (कोपरा नको, कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरतात), वर बल्ब. पिल्लामागे दोन वॅट हा ढोबळ हिशेब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश, मग दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी. थर्मामीटर लावा, पण बघायचं पिल्लांकडे. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. लांब जाऊन पंख सोडून चोची उघड्या ठेवल्या असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसऱ्या बाजूने झोत येतोय, तिथे पोतं लावा. गोलभर पसरून निवांत झोपली असतील तर तुम्हीही झोपा.

आल्याबरोबर आधी गुळाचं पाणी, तासा-दोन तासांनी खाद्य. पहिल्या रात्री दहा-बारा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपा. मऊ, भरलेली लागली पाहिजे. रिकामी किंवा कडक लागली तर त्या पिल्लांना पाणी किंवा खाद्य सापडलेलं नाही. त्यांची चोच भांड्यात बुडवून दाखवावी लागते.

वीज जाणारच, हे धरून चाला. शेगडी ठेवणार असाल तर धूर बाहेर जायला वाट ठेवा. बंद खोलीत कोळशाच्या धुराने अख्खा लॉट जातो.

लसी कोणत्या?

मरेक्स रोगाची लस हॅचरीतच देतात, देऊनच पिल्लं घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा ही लस, डोळ्यात थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवी, आठव्यात मानमोडीची आर-टू-बी टोचून. दिवस थोडे पुढे-मागे होतात, तुमच्या भागातल्या पशुवैद्यकांना विचारा. मुंबईतून लस नेणार असाल तर थर्मासमध्ये बर्फ घालून न्या. गाडीच्या डिकीत तापलेली लस म्हणजे नुसतं पाणी. पाण्यातून द्यायची असेल तर क्लोरिनचं नळाचं पाणी चालत नाही.

पावसाळ्यात करावं का?

कोकणात जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गादी ओली झाली की अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो आणि पाठोपाठ रक्ती हगवण येते. शेडचं जोतं उंच घ्या, पत्रा बाहेर तीन-चार फूट काढा. गादी रोज खालवर करा, ओला भाग उचलून टाका, चुना मारा. मुसळधार पावसात बाहेर सोडू नका, उघडीप मिळाली की सोडा. नवख्याने पहिला लॉट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावा, एवढंच सांगतो.

मुंगूस, घार, कुत्री?

मुंगूस दिवसा, रानमांजर रात्री, घार पहिल्या दीड महिन्यात, कुत्री कधीही. बारीक जाळी जमिनीत फूटभर गाडा. अंधार पडायच्या आत सगळ्या आत मोजून घ्या. संध्याकाळी मूठभर धान्य शेडमध्येच टाकण्याची सवय लावली की बोलवावं लागत नाही. साप पिल्लांमागे येतो, त्याला मारू नका, सर्पमित्राला बोलवा. जंगलालगत बिबट्या असतो, तिथे पत्र्याचं आणि कुलपाचं शेड हवं.

पिल्लं केव्हा आणावीत?

पंचांग बघून. चेष्टा नाही, हा धंदा तिथीवर चालतो.

मुंबईच्या मराठी घरात सोमवारी नाही, गुरुवारी नाही, संकष्टीला नाही, कुणाकडे मंगळवार, कुणाकडे शनिवार. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार, त्यातही खरी विक्री रविवारी सकाळी. श्रावणात महिनाभर शुकशुकाट, मग गणपती, पितृपक्षाची आपापली रीत, नवरात्रात पुन्हा बंद, मार्गशीर्षातले गुरुवार. याउलट आषाढ अमावास्येच्या आधीचे आठ-दहा दिवस, म्हणजे गटारी, धुळवड आणि ३१ डिसेंबर या दिवसांत माल कमी पडतो.

म्हणून विक्रीच्या तारखेपासून बारा-तेरा आठवडे मागे मोजायचं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे आषाढ अमावास्या १२ ऑगस्टला पडते. म्हणजे गटारीचा माल हवा तर पिल्लं मेच्या दुसऱ्या आठवड्यात आत. आता यातली गोम बघा. बल्बचा खर्च वाचतो, पण पिल्लं बाहेर सोडायच्या वयाची होतात ती नेमकी जूनच्या धुवाधार पावसात. गटारीचा भाव सगळ्यात चांगला आणि धोकाही सगळ्यात जास्त. शेड पक्कं नसेल तर गटारीचा मोह सोडा आणि ३१ डिसेंबर धरा. त्यासाठी पिल्लं सप्टेंबरअखेरीस येतात आणि बाहेर पडतात तेव्हा पाऊस ओसरलेला असतो.

चुकलेल्या लॉटला श्रावणात रोज खाऊ घालावं लागतं आणि वजन मात्र फारसं वाढत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, तेव्हा हा ताण काही घरांपुरता दोन महिन्यांवर गेला. अशा वेळी गिऱ्हाईक एकाच समाजातलं नको. वसई-वांद्र्याच्या ख्रिस्ती वाड्या, माहीम, मीरा रोड, मुंब्रा इथे श्रावणाचा काही संबंध नाही. त्यांचं वेगळं पंचांग आहे: नाताळ, ईस्टर, त्याआधीचा उपवासकाळ, रमजान. तेही भिंतीवर लावा.

शंभर कोंबड्यांत सुटतं काय?

मांडूया. पिल्लू ३५ रुपये, शंभर पिल्लांचे ३,५००. दहा मेली असं धरलं तर विकायला नव्वद. खाद्य एका पक्ष्याला चार किलोच्या आसपास, मेलेल्यांचं धरून ३७० किलो, ४२ रुपयांनी १५,५४०. लस-औषध ८००. तूस आणि वीज १,५००. कापून साफ करून पॅकिंग, नगामागे ३० रुपयांनी २,७००. मुंबईपर्यंत गाडी २,०००. बेरीज २६,०४०.

जिवंत वजन सरासरी १.४ किलो, साफ केल्यावर अदमासे ६८ टक्के, म्हणजे नगाला ९५० ग्रॅम. एकूण ८५.५ किलो मांस. किलोला खर्च ३०५ रुपये. इथे बहुतेक लोक थांबतात आणि ४०० ला विकून खूश होतात.

तुमची मजुरी कुठे आहे? रोज दोन तास, ८४ दिवस, तासाला ६० रुपये धरले तर १०,०८०. किलोला आणखी ११८. आता खर्च ४२३ झाला. म्हणजे ४०० च्या भावात तुम्ही गिऱ्हाइकाला घरचे पैसे घालून कोंबडी खायला घालताय. ५५० ला विकली तर ४७,०२५ येतात आणि मजुरी धरून दहा हजार नऊशेच्या आसपास उरतात, त्यातून शेड आणि जाळीचे पैसे फिटायचेत.

आता तीनशे धरा. खाद्य तिप्पट, पिल्लं तिप्पट, पण पाणी बदलायला, झाडायला, आत-बाहेर करायला तिप्पट वेळ लागत नाही. दोन तासांचे तीन होतात. मजुरी किलोला ११८ वरून ५९ वर येते. म्हणून शंभर शिकण्यासाठी ठीक, कमाईसाठी तीनशेच्या पुढे, आणि ते एकदम नाही तर महिन्याच्या अंतराने तीन लॉट, म्हणजे गिऱ्हाइकाला कायम माल मिळतो.

व्यापाऱ्याला जिवंत दिल्या तर? साफसफाई आणि गाडी वगळून खर्च २१,३४०, जिवंत वजन १२६ किलो, म्हणजे किलोला १६९. व्यापाऱ्याने दोनशे दिले तरी हाती चार हजारसुद्धा येत नाहीत, मजुरी अजून बाजूलाच.

मुंबईत गिऱ्हाईक आणायचं कुठून?

पिल्लं यायच्या आधी. ऑफिस, बिल्डिंग, गाववाल्यांचं मंडळ, भजनी मंडळसुद्धा (माळकरी वगळून). चाळीस पक्की घरं मिळाली आणि प्रत्येकाने महिन्याला दोन घेतल्या तर महिन्याला ऐंशी झाल्या. तेवढ्यावर एक लॉट जातो. आगाऊ रक्कम घ्या, निदान निम्मी. 'बघू, सांगतो' म्हणणाऱ्याचं नाव यादीत धरू नका.

एका रविवारी अख्खी मुंबई करू नका. एक रविवार ठाणे-मुलुंड, पुढचा दादर-परळ, नंतर बोरिवली-वसई. सकाळी नऊच्या आत पोचली तर दुपारच्या जेवणाला रस्सा होतो, अकराला पोचली तर ताईंनी कोपऱ्यावरून बॉयलर आणलेला असतो. वॉचमनशी गोडीगुलाबीने राहा.

वजन आधी सांगा, साफ केल्यानंतरचं. जिवंत वजनाचा भाव सांगून घरी तेवढंच मांस येईल अशी समजूत होऊ दिली की पुढे भांडण ठरलेलं. कलेजी-पेटा वेगळा बांधून द्या. कातडीसह हवी की सोलून, भाजून हवी की नको, हलाल लागते का, हे ऑर्डर घेतानाच विचारून लिहून ठेवा.

मालवणी आणि आगरी खानावळी रोखीत घेतात, पण त्यांना दर आठवड्याला एका वजनाचा माल लागतो. दोनदा चुकलात की संपलं. तिथे तिसऱ्या-चौथ्या लॉटनंतर जा.

कापायचं कुठे, परवाना काय लागतो?

अन्न विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे. शेतावर ग्रामपंचायतीची ना-हरकत घेऊन ठेवा. शहरात मांस कापून विकायला महापालिकेचा परवाना लागतो आणि तो मिळवणं तुमच्या-आमच्या वेळेत बसत नाही. सोपा मार्ग म्हणजे परवाना असलेल्या चिकनवाल्याशी बोलून विक्रीच्या आदल्या दिवशी पहाटे त्याच्या दुकानात नगावर साफ करून घेणं. पिसं आणि आतड्यांची विल्हेवाटही तोच लावतो.

कापण्याच्या आदल्या रात्री आठ तास खाद्य बंद, पाणी चालू. कोंबड्या अंधारातच पकडा, दिवसा पळापळीत पंख मोडतात आणि मांसावर काळेनिळे डाग उठतात. क्रेटमध्ये दहा-बाराच भरा. साफ केल्यावर बर्फात घालून चार अंशांपर्यंत थंड करा, मगच पिशवीत. कोमट कोंबडी प्लॅस्टिकमध्ये बांधली की दादरला पोचेपर्यंत वास धरते.

बर्ड फ्लू आला तर?

फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात. बाधित जागेभोवती एक किलोमीटरमधले पक्षी मारतात, त्यांची ठरलेल्या दराने भरपाई मिळते. पण एकही कोंबडी आजारी नसताना भाव कोसळतो, त्याची भरपाई कुणी देत नाही. २०२० च्या सुरुवातीला कोरोना चिकनमधून पसरतो या अफवेने काय झालं ते आठवत असेल. तेव्हा अनेकांनी कोंबड्या फुकट वाटल्या. म्हणून सगळे पैसे एका लॉटमध्ये घालू नका. शेडमध्ये शिरताना वेगळी चप्पल, बाहेरच्या कोंबड्या आणून मिसळू नका, आणि एकाएकी जास्त मर दिसली तर लपवू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. नीट शिजवलेल्या मांसातून धोका नाही, ७० अंशांच्या वर विषाणू टिकत नाही. गिऱ्हाइकाला हे घाबरून नाही, शांतपणे सांगा.

अनुदान मिळतं का?

राष्ट्रीय पशुधन अभियानात पन्नास टक्के, २५ लाखांपर्यंत अनुदान आहे, पण ते किमान हजार पैदाशीच्या पक्ष्यांचा फार्म आणि हॅचरी काढणाऱ्याला. तुमच्या तीनशे मांसल पक्ष्यांना ते लागू होत नाही. राज्याच्या नाविन्यपूर्ण योजनेत हजार मांसल पक्ष्यांसाठी अर्ज मागवतात, ऑनलाइन भरा आणि विसरून जा. मिळालं तर मिळालं. अनुदान धरूनच हिशेब जुळत असेल तर हिशेब जुळत नाही.

खत विकलं जातं का?

हो. कुजवून नर्सरीवाल्यांना द्या. ताजं घातलं तर रोपं जळतात.

'मांस चिवट आहे, पैसे परत द्या' म्हणतात. काय करू?

ही तक्रार बॉयलरवर वाढलेल्या पिढीकडून हमखास येते. बारा आठवडे पळालेल्या कोंबडीचं मांस घट्टच असणार. दोन गोष्टी करा. कापल्यावर लगेच शिजवायला देऊ नका. आदल्या दिवशी साफ करून रात्रभर थंड ठेवलेली कोंबडी मऊ पडते. आणि प्रत्येक पिशवीबरोबर चिठ्ठी द्या: आलं-लसूण, हळद, मीठ लावून तासभर ठेवा. कुकरला घाईत शिट्ट्या न करता पातेल्यात झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर पाऊण ते एक तास, वरचं तापलेलं पाणीच रश्शात घाला, वाटण शेवटी. कुकरच हवा असेल तर आधी चार-पाच शिट्ट्या, मग वाटण घालून दहा मिनिटं उघड्यावर. कुणी 'तंदुरी करायची आहे' म्हणालं तर त्याला ही कोंबडी विकू नका, सरळ बॉयलर घ्यायला सांगा.